भोकाचा बिल्ला

काल गावाला तुझं तेरावं झालं, वसंता. सुनंदावहिनींचा फोन आला होता. सगळं रीतसर पार पडलं, भावकी जेवून गेली म्हणाल्या. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि दुकानात आलेल्या दोन भल्या गिऱ्हाइकांवर विनाकारण डाफरलो. माझा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये असं तुमच्यातही म्हणतात आणि आमच्यातही. पण गेलास म्हणून तू एकदम शहाणा झालास असं मी कसं धरून चालू?

तू लांज्याचा, मी दापोलीकडचा. इकडे ओमानात, रुवीतल्या आपल्या गल्लीच्या एका टोकाला तुझं वर्कशॉप, दुसऱ्या टोकाला माझं चहाचं दुकान. तू टर्नर, मी चहावाला. अर्धं आयुष्य परमुलखात काढून आपण दोघांनी काय कमावलं असेल तर रोज भांडायला एक हक्काचा माणूस. भांडण एकच होतं, साखरेचं. म्हणजे खरं तर तुझ्या जिवाचं. ते अर्धवट टाकून तू उठून गेलास. म्हणून आज गल्ला बंद करून लिहायला बसलोय. मध्ये बोलू नकोस.

सुरुवात च्युइंगमपासून झाली. तुला आठवत असेल, माझ्याकडे शंभर बैसाच्या सुट्ट्यांची कायम ओरड. अर्धा रियाल दिलास की मी उरलेल्यापैकी थोडे पैसे द्यायचो आणि बाकीच्याची च्युइंगमची पाकिटं हातावर ठेवायचो. सगळी गल्ली तेच करत होती. एक दिवस तू ती पाकिटं काउंटरवर आपटलीस आणि म्हणालास, "मी काय शाळेत जातो काय रे नाझीर? ह्या वयात गोट्यापण खेळायला लावशील." मी म्हटलं, "मग तूच पाड नाणी." मी ते चिडून म्हटलं होतं. तुला एखादी गोष्ट चिडून सांगितली की तू ती करून दाखवायचास, हे मला तेव्हाही कळायला हवं होतं.

त्यानंतर आपण रुस्ताकला गेलो, तुझ्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, ओळखीच्या एका बागेतला पंप बघायला. परत येताना बाजारात एका म्हाताऱ्या ओमानी दुकानदाराकडे थांबलो. तो जुने खंजीर आणि चांदीचं सामान विकायचा. त्याच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात पितळेच्या चकत्या होत्या, खजुराच्या झाडाची खूण असलेल्या. आजोबांचा खजुराचा व्यापार होता, म्हातारा सांगू लागला. हंगामात सुट्टी नाणी मिळायची नाहीत, मग आजोबा ह्या चकत्या द्यायचे. खाटीक घ्यायचा, हलवेवाला घ्यायचा, सगळा बाजार घ्यायचा. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत तो म्हणाला, "दादा दुकान में बैठता था, तब तक ये पैसा. बाद में खाली पीतल." तू एक चकती विकत मागितलीस. त्याने दिली नाही. तू ती बोटांत धरून बराच वेळ तिची जाडी जोखत राहिलास, आणि परतीच्या वाटेवर गाडीत एक अक्षर बोलला नाहीस. मला वाटलं, तुझं डोकं दुखतंय.

आठवडाभराने तू माझ्या काउंटरवर एक पिशवी ठेवलीस. पितळेची सळई लेथवर लावून मुळ्याच्या चकत्या काढाव्यात तसे काप काढलेले, कडा घासून गुळगुळीत, आणि प्रत्येकावर पंचाने मारलेले पाच ठिपके. "एक बिल्ला, एक चहा," तू म्हणालास. "सुट्टे नसले की हे दे. कोणी परत आणलं की चहा दे. हाय काय नि नाय काय." मी म्हटलं, बलदियाचा, नगरपालिकेचा माणूस आला तर? "त्याला पण चहा दे," तू म्हणालास.

पहिल्या दिवशी लोक हसले. मग न्हाव्याने एक बिल्ला घेतला, कारण त्याला दुपारी चहा लागायचाच. न्हाव्याकडून तो कुट्टीच्या लाँड्रीत गेला, कुट्टीकडून किराण्याच्या दुकानात. महिन्याभरात गल्लीतला कुठलाही दुकानदार शंभर बैसाच्या जागी बिल्ला देत होता आणि घेत होता. चहा न पिणारेही घ्यायचे. तुमच्या वर्कशॉपमधून सकाळी कोणीतरी मूठभर बिल्ले आणि थर्मास घेऊन यायचा. मी बिल्ले मोजून तितका चहा थर्मासमध्ये ओतायचो, एक शब्द बोलावा लागायचा नाही. तुझ्या त्या पितळेने माझं दुकान उभं राहिलं, वसंता. बिल्ला खिशात असला की माणूस समोरच्या हॉटेलात जात नाही, माझ्याकडेच येतो. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण लगेच फुकट चहा मागितला असतास.

आणि मग ते तपासणीचं शिबिर आलं. कुठल्याशा मंडळाने भरवलं होतं, फुकट होतं, म्हणून आपण दोघं गेलो. माझं सगळं ठीक निघालं. तुझी साखर बघून तिथल्या डॉक्टरने चष्मा काढून पुन्हा लावला. तू बाहेर येऊन म्हणालास, "यंत्र बिघडलंय त्यांचं." दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या चहातली साखर बंद केली. तू एक घोट घेतलास आणि म्हणालास, "हे भांडी धुतलेलं पाणी आहे." तरी मी हटलो नाही.

पण तुझा चहा यायचा वर्कशॉपच्या थर्मासमधून. तिथे मी साखर कशी तोडणार? म्हणून मी तुझ्याकडूनच काम करून घेतलं. काही बिल्ल्यांना मध्ये भोक पाडून आण म्हटलं, भोकाचा बिल्ला म्हणजे बिनसाखरेचा चहा, त्याचा थर्मास वेगळा. गल्लीत साखरेचा त्रास असलेले पुष्कळ होते, सगळ्यांची सोय होणार होती. तू मान डोलावलीस, ड्रिल मारलंस, बिल्ले आणून दिलेस. "लहानपणी डब्यात भोकाचा पैसा सापडायचा, तसा झालाय," इतकंच म्हणालास. इतक्या सरळपणे तू ऐकलंस ह्याचाच मला संशय यायला हवा होता.

तुझी चाल मला उशिरा कळली. भोकाचा बिल्ला खिशात टाकायचास, न्हाव्याकडे जायचास, तिथे त्याचा आखा बिल्ला करून घ्यायचास, आणि तोच थर्मासबरोबर धाडायचास. न्हाव्याला काय, दोन्हींचं मोल तेच. दाढी करायला आलेल्याला भोकाचा बिल्ला मिळायचा, तो माझ्याकडे येऊन म्हणायचा, मला साखर झालेली नाही, मला गोड दे. मी कोणाकोणाला थांबवणार? तुला धरून विचारलं तेव्हा तू अगदी निवांत म्हणालास, "पैशाला पथ्य नसतं, नाझीर. एकतर त्याचं औषध कर, नायतर चलन कर. दोन्ही नाय होणार." चिडून मी एवढंच म्हटलं की तू मरशील. तू म्हणालास, "मरताना तोंड तर गोड असेल."

मी न्हाव्याला दम दिला. कुट्टीला सांगितलं, वसंताला आखा बिल्ला दिलास तर तुझा चहा बंद. दोघंही हो म्हणाले आणि दोघंही देत राहिले. तुझ्यावर सगळ्यांचा जीव होता, आणि ज्याच्यावर जीव असतो त्याला लोक साखर देतात. मला एकट्यालाच वाईट व्हायला लागायचं.

शेवटी एका सोमवारी मी पाटी लावली, आजपासून बिल्ले चालणार नाहीत. सकाळी कोणी मनावर घेतलं नाही. दुपारपर्यंत गल्ली पेटली. कुट्टी आपला डबा घेऊन आला आणि काउंटरवर उपडा केला. "सेठ, ये क्या मजाक है? मेरा आधा गल्ला यही है. अब मैं ये किसको दूँ?" किराणावाला आला, न्हावी अर्धी दाढी सोडून आला. मी म्हटलं, खलास म्हणजे खलास. ते हलेनात. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तरी माझ्या दारात माणसं उभी होती आणि आवाज चढत होते. कोणीतरी माझी पाटी उलटी करून ठेवली. मग मला कळलं की हे चालणार नाही. मी पाटी काढली, सगळ्यांना चहा पाजला, आणि ते गेल्यावर सांडलेला चहा पुसायला फरशीवर फडकं मारलं.

तेवढ्यात तू आलास, जिंकल्याच्या तोऱ्यात. "बघितलंस? बिल्ला तुझा नाय राहिला आता. गल्लीचा झाला." ओल्या फरशीवरून चालत तू थेट काउंटरपाशी आलास आणि आखा बिल्ला ठेवलास. मी बिल्ल्याकडे बघत नव्हतो. तुझ्या डाव्या बुटाचे ठसे फरशीवर उठत होते आणि त्यांत लाल पाणी होतं.

"बूट काढ," मी म्हटलं.

"कशाला?"

"वसंता, बूट काढ."

तू मागे सरकलास. मी जाऊन शटर अर्धं खाली ओढलं आणि तुझ्यासमोर फरशीवर बसलो. नाडी मीच सोडली. बूट निघाला, पण मोजा निघेना, तो कातडीला धरून बसला होता. कोमट पाणी ओतून ओतून सोडवला. तळव्याच्या कडेला पितळेच्या किसाचा एक वेटोळा तुकडा रुतलेला होता, लेथवरून गरम उडून बुटात पडलेला. किती दिवसांचा, ते तुलाही सांगता येईना. त्याच्याभोवती हळद आणि खोबरेल लावून तू वरून चिकटपट्टी मारली होतीस. वास असा होता की मला तोंड फिरवायचं होतं, पण तू माझ्याकडे बघत होतास म्हणून मी फिरवलं नाही.

"दुखत नाय रे," तू म्हणालास. "दुखलं असतं तर मला कळलं नसतं काय?"

मी तुला टॅक्सीत घातलं आणि मागच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई मल्याळी होती, हळू आवाजाची. तिने पायाला सुईचं टोक लावलं, विचारलं, दर्द है? तू नाही म्हणालास, जरा अभिमानानेच. ती म्हणाली, "दर्द नहीं है, यही तो खतरा है. आज ही बड़े अस्पताल जाइए. आज, कल नहीं." तू मान हलवलीस आणि बाहेर फुटपाथवर आल्याबरोबर म्हणालास, "गुरुवारी जाऊ. पंपाचा शाफ्ट द्यायचाय."

तिथे भर रस्त्यात मी तुझी कॉलर धरली होती. बसथांब्यावरची माणसं बघायला लागली. मी म्हटलं, तुझ्या शाफ्टला घाल चुलीत. तेव्हा तू पहिल्यांदा खरं बोललास. "पाय कापतील, नाझीर. मग मशीनसमोर उभा कसा राहू? अर्बाब चांगला हाय, पण लंगडा टर्नर तो तरी काय करणार? तिकीट हातात देईल. गावाला जाऊन काय करू मी? ओटीवर बसून येणारीजाणारी माणसं मोजू?" मग माझा हात कॉलरवरून काढून तू म्हणालास, "सुनंदाला सांगायचं नाय. तुला अल्लाची आण हाय." मी आण घेतली नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही.

दुकानात येऊन मी वहिनींना फोन लावला. "नाझीरभाऊ, खरं सांगा, किती लागलंय?" त्या म्हणाल्या. मी खरं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "ते माझं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतात." मला हसू आलं आणि त्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास, लंगडत, ते लपवायचंही सोडून. खिशातले सगळे बिल्ले काढून काउंटरवर ठेवलेस. "रात्रभर रडत होती ती. तुझ्यामुळं. हे घे तुझं पितळ." मी म्हटलं, रडू दे, अस्पतालला चल. तू वळलास आणि रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात जाऊन बसलास. मला दिसेल अशा खुर्चीवर. चहा आला, तू चमच्याने साखर घातलीस, माझ्याकडे बघत ढवळलीस, आणि ग्लास उचलून मला दाखवलास. मी टोप इतक्या जोरात घासला की कुट्टी विचारायला आला.

ते दोन-तीन दिवस मी चहा ओतत होतो आणि नजर समोर होती. तू येत होतास, बसत होतास, ग्लास दाखवत होतास. मी मनात म्हणायचो, दाखव, जोपर्यंत दाखवतोयस तोपर्यंत बरं आहे. दोनदा रस्ता ओलांडायला निघालो आणि परत फिरलो. तिथे येऊन मी काय बोललो असतो ते मला ठाऊक होतं, आणि तू काय म्हणाला असतास तेही. वर्कशॉपमध्ये जाऊन मी तुझ्या अर्बाबला गाठलं. तो तरणा पोरगा, सगळं ऐकून त्याचा चेहरा उतरला. इन्शाल्ला उद्या मी स्वतः नेतो म्हणाला. "और नौकरी?" मी विचारलं. "नौकरी कौन माँग रहा है उससे?" तो म्हणाला. बसून करायचं कामही आहे, माणसांना शिकवायचं काम आहे. हे मी तुला सांगणार होतो. सकाळी येशील तेव्हा स्वतः रस्ता ओलांडून तुझ्या टेबलाशी बसायचं, असं मी ठरवलं होतं.

सकाळी खुर्ची रिकामी होती. दुपारी अर्बाबचा फोन आला, "नाझीर, तुम्हारा सदीक, तुम्हारा दोस्त, अस्पताल में. बहुत बुखार. यल्ला, आओ." तो तुला खोलीवरून उचलून गाडीत घालून घेऊन गेला होता. शब्दाला जागला.

निघण्याआधी मी चहा केला. घट्ट दुधाचा, वेलची ठेचून, आणि साखर घालून. हात भरून साखर, जशी तुला आवडायची तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कापणार होते, एवढं अर्बाबने सांगितलं होतं. मी म्हटलं, आता आणखी काय जाणार आहे. एक थर्मास गोड चहा तुझ्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचं, घे बाबा, तुझंच खरं. बसमध्ये तो थर्मास मांडीवर धरून मी ते वाक्य मनात पाठ करत होतो. तुझ्यापुढे मी कधी हार मानली नव्हती, त्यामुळे ते तोंडात बसत नव्हतं.

तू डोळे मिटून पडला होतास. पाय पांढऱ्या कापडात गुंडाळलेला होता आणि चादरीखालून वर आलेला दिसत होता. अर्बाबने कामाचं काय म्हटलं ते मी तुला सांगितलं. तू ऐकलंस. "चांगला पोरगा हाय," म्हणालास. मग थर्मास बघितलास. मी झाकण फिरवायला लागलो तशी तू माझ्या मनगटाला हात लावलास, आणि अगदी हळू विचारलंस, "बिनसाखरेचाच आणलायस ना रे?"

माझ्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मी म्हटलं, "चहा गार झालाय. थांब, खालून गरम आणतो." खाली कँटीनमध्ये गेलो. बिनसाखरेचा सांगितला. त्या माणसाने सवयीने साखर घातली, मी त्याच्यावर ओरडलो, दुसरा करायला लावला. कागदी कप वर आणला आणि तुझ्या पाठीला हात देऊन तुला बसवलं. तू सगळा प्यायलास. तोंड वाकडं केलं नाहीस. भांडी धुतलेलं पाणी म्हणाला नाहीस. कप माझ्या हातात देऊन म्हणालास, "बरा हाय." आणि थोड्या वेळाने, "आता तू सांगशील तसंच करू."

मला कितीतरी बोलायचं होतं, वसंता. की तू नसतास तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं. की वहिनींना मी पुन्हा फोन केला असता, दहा वेळा केला असता. की तुझ्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस मावळत नाही. मी त्यातलं काही बोललो नाही. फक्त, "झोप आता, सकाळी येतो," म्हटलं.

सकाळी पाय कापायची वेळच आली नाही. पाय थांबला असता, पण विष रक्तात गेलं होतं, रात्रीतच तू गेलास. हे त्यांनी मला सकाळी सांगितलं, पण मला ते आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. तू ऐकलंस तेव्हाच कळलं होतं. इतकी वर्षं मी एकाच गोष्टीसाठी तुझ्या मागे लागलो होतो आणि ती तू मला एका वाक्यात देऊन टाकलीस. त्या संध्याकाळी वॉर्डमधून बाहेर पडून जिन्यापाशी आलो आणि तिथल्या पायरीवर बसून राहिलो, कारण मला परत आत येऊन तुझ्या हातात तो गोड चहा द्यायचा होता आणि तू तो घेणार नाहीस याची मला खात्री होती.